उघडताना नाही, परत लावताना चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनियरिंगचा, अभ्यासक्रम संपवून एक विद्यार्थी मिहानमधल्या हँगरवर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला जाणार आहे. तो विचारतो, परवानाधारक इंजिनियर असतो, पायरीपायरीने लिहिलेलं टास्क कार्ड असतं, ओळीओळीला सही असते, वर तपासणारा असतो. एवढं असताना विमानाच्या देखभालीत चुका होतात तरी कशा? शेवटी निष्काळजीपणाच ना? आणि नव्या माणसाने नेमकं काय सांभाळायचं?

निष्काळजीपणापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांची वाट चुकते. निष्काळजी माणूस हँगरवर आठवड्याभरात ओळखू येतो आणि त्याच्या कामावर सगळ्यांची नजर असते. ज्या अपघातांचे अहवाल मानवी घटकांच्या, म्हणजे माणूस का चुकतो याच्या, वर्गात पुन्हा पुन्हा वाचले जातात, त्यांतल्या बऱ्याच चुका कामसू, अनुभवी, "याच्या हातून काम गेलं म्हणजे बघायला नको" अशी ख्याती असलेल्या लोकांच्या आहेत. "बघायला नको" हेच तिथे नडलं.

दुसरी गोष्ट, चूक कुठे होते. एका बोल्टवर आठ वेगवेगळे नट ओवलेले आहेत असं समजा. काढायचे तर एकच क्रम आहे, वरून खाली. परत त्याच क्रमाने लावायचीही एकच बरोबर रीत आहे, पण आठ नट लावण्याचे एकूण क्रम होतात ४०,३२०. म्हणजे चुकायला ४०,३१९ वाटा, आणि यात एखादा नट किंवा वॉशर विसरणं धरलेलंच नाही. काढताना वस्तूच आपल्याला रस्ता दाखवते. लावताना ती गप्प असते. वरचं पॅनल एकदा बसलं की आत काय राहिलं ते दिसतही नाही. म्हणून देखभालीतल्या चुकांचा अभ्यास हा बहुतांशी परत लावण्याचा अभ्यास आहे.

एक प्रकरण जवळून पाहू. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. काच २७ तास आधी रात्रपाळीत बदलली होती. ती ९० बोल्टांनी बसते. नव्याने लावलेल्यांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने, म्हणजे ०.६६ मिलिमीटरने कमी होता आणि उरलेले ६ व्यासाला बरोबर पण ०.१ इंच आखूड होते.

काम करणारा होता पाळीचा प्रमुख. माणसं कमी होती म्हणून पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास त्याने ते स्वतःच हातात घेतलं. जुने बोल्ट काढले, ते झिजलेले दिसले, म्हणून नवे घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत कुणीही शाबासकीच देईल. मग त्याने कॅटलॉगमध्ये पार्ट नंबर शोधला नाही. काढलेला बोल्ट हातात धरून स्टोअरमध्ये गेला आणि त्याच्यासारखा दिसणारा मागितला. काढलेले बोल्ट होते ए२११-७डी. हवे होते ए२११-८डी, व्यास तोच पण थोडे लांब. म्हणजे आधीच्या वेळी कुणीतरी चुकीचे बसवले होते आणि विमान त्यांच्यावर चार वर्षं उडत होतं. स्टोअरवाल्याने सांगितलंही की या काचेला ८डी लागतात. पण हातातला नमुना ७डीचा होता आणि तेवढे ७डी स्टोअरमध्ये नव्हते. मग गाडी काढून तो दुसऱ्या, माणूस नसलेल्या साठ्याकडे गेला. तिथे उजेड कमी, लेबलं पुसट, आणि वाचायचा चष्मा डोळ्यांवर नव्हता. नमुना कप्प्यातल्या बोल्टांशी जुळवून त्याने उचलले ते ८सी.

आता लावतानाचं बघा. ८सी बारीक असल्यामुळे त्याचं डोकं काउंटरसिंकमध्ये, म्हणजे डोक्यासाठी कोरलेल्या खळग्यात, जरा जास्त आत बसतं. नीट समोरून पाहिलं तर ते लक्षात येतं. पण लिफ्टचा पाट अशा जागी होता की काचेपर्यंत वाकून हात लांब करावा लागे आणि बोल्टचं डोकं स्वतःच्याच हाताआड जाई. टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, मर्यादेला पोचला की सुटणारं साधन वापरलं, बोल्ट फिरताना 'कट्' असा झटका हाताला जाणवला. तो झटका साधनाचा नसून सैल आट्यांवरून बोल्ट सरकल्याचा असू शकतो, हे त्या क्षणी कुणाच्या मनात येणार? काच बाहेरून बसवायची असल्यामुळे केबिनचा दाब तिला बाहेरच ढकलतो, आतून घट्ट दाबत नाही. आणि हे काम दुहेरी तपासणीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या डोळ्यांनी पाहणं सक्तीचं नव्हतं.

यात निष्काळजीपणा कुठे बोट ठेवून दाखवता येतो ते सांगा. मला तरी एकाच जागी दाखवता येतो: आयपीसी, म्हणजे भागांचा सचित्र कॅटलॉग, उघडला नाही. बाकी सगळं पहाटेची वेळ, उजेड, पाटाची जागा, स्टोअरमधला तुटवडा, आणि मागच्या माणसाची चार वर्षं लपलेली चूक. म्हणून नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच सांगायची: काढलेला भाग हा पार्ट नंबरचा पुरावा नाही. तो फक्त एवढंच सांगतो की आधी इथे हा होता. नंबर नेहमी चालू आवृत्तीच्या कॅटलॉगमधून, त्याच विमानाला लागू असलेल्या ओळीतून घ्यायचा. 'लागू' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाच ताफ्यातल्या दोन ए३२० मध्ये मॉडिफिकेशन वेगळं असेल तर एकाच जागेला दोन नंबर असतात.

हे 'लागू' किती महाग पडू शकतं ते ऑगस्ट २००१ मध्ये दिसलं. एअर ट्रान्झॅटच्या ए३३० ला उजवं इंजिन बदलून लावलं होतं. आलेलं इंजिन जुन्या रचनेचं होतं, हायड्रॉलिक पंप आणि त्याची नळी नव्या-जुन्याची सरमिसळ झाली. नळी इंधनाच्या नळीला घासायला लागली. काम करणाऱ्यांना नळी नीट बसत नाही हे जाणवलं होतं, पण संबंधित सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे उत्पादकाची तांत्रिक सूचना, त्या वेळी संगणकावर उघडत नव्हतं आणि विमान वेळेत द्यायचं होतं. अटलांटिकवर इंधन गळून गेलं, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेसला उतरलं. आत ३०६ माणसं होती. नळी ओढून-ताणून बसवावी लागते आहे, म्हणजे ती बरोबर नाही. विमानात ओढून बसणारी वस्तू बहुधा दुसऱ्या जागेची असते.

ओ-रिंगबद्दल, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण प्रशिक्षणार्थीच्या हातात पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळा येणारी वस्तू तीच. सगळ्या काळ्या, सगळ्या गोल, आणि पाकिटाबाहेर काढल्या की एकीला दुसरीपासून ओळखायचं साधन उरत नाही. हायड्रॉलिकमधलं जांभळं स्कायड्रॉल हे फॉस्फेट एस्टर जातीचं द्रव आहे, त्याला ईपीडीएम रबर चालतं. तेच ईपीडीएम इंधनात किंवा खनिज तेलात टाकलं तर फुगतं. उलट नायट्राइल रबराची रिंग स्कायड्रॉलमध्ये खराब होते. बसवताना दोन्ही अगदी छान बसतात, पहिल्या लीक चेकमध्ये पासही होतात. म्हणून पाकीट जागेवर गेल्यावरच फाडायचं, पाकिटावरचा नंबर आणि मुदत कार्डाशी ताडायची, आणि रिकामं पाकीट काम संपेपर्यंत फेकायचं नाही. जुनी रिंग निघाली का हेही बघायचं. ती खाचेत चिकटून राहते, वर दुसरी बसते आणि दोन्ही कापल्या जातात.

आणि रिंग लावलीच नाही तर? ५ मे १९८३ ला ईस्टर्न एअरलाइन्सच्या एल-१०११ चं असंच झालं. तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर रात्री बदलले. हे लोहचुंबक असलेले छोटे प्लग तेलातले धातूचे कण पकडतात. नेहमी हे प्लग फोरमनच्या कपाटातून मिळत आणि त्यांवर ओ-रिंग आधीच चढवलेल्या असत. त्या रात्री कपाटात नव्हते, म्हणून थेट स्टोअरमधून आणले. त्यांवर रिंग नव्हत्या. हाताला सवय होती ती घ्यायचं आणि बसवायचं. कार्डावर 'नवी ओ-रिंग बसवा' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे सही झाली. लीक चेकसाठी इंजिन फिरवलं ते जेमतेम दहाएक सेकंद, गळती दिसायला तेवढा वेळ पुरत नव्हता. मायामीहून नसाऊला जाताना एकेक करत तिन्ही इंजिनांतलं तेल गळत गेलं. १७२ लोकांना घेऊन विमान पाण्याकडे उतरत असताना आधी मुद्दाम बंद केलेलं एक इंजिन पुन्हा सुरू झालं आणि ते मायामीला परत आलं.

यातून जो नियम घट्ट झाला तो तुम्हाला रोज दिसेल: एकच काम दोन्ही इंजिनांवर एकाच माणसाने, एकाच पाळीत करायचं नाही. दोन इंजिनांवर समुद्रापार जाणाऱ्या विमानांना तर हे बंधनच आहे. लोक कधीकधी कुरकुरतात की एकाच्या हाताला काम बसलंय, त्यालाच दोन्ही करू दे, लवकर होईल. हाताला बसलेलं काम चुकीचं बसलं असेल तर चूकही दोन्हीकडे सारखीच बसते.

टॉर्कचं गणित आता एकदाच नीट समजून घ्या, कारण परीक्षेत ते येतं आणि हँगरवर विसरलं जातं. मॅन्युअलमध्ये २४० इंच-पाउंड दिलेत. रेंच, हात धरतो त्या बिंदूपासून चौकोनी दांडीच्या मध्यापर्यंत, १२ इंच आहे. जागा अडचणीची म्हणून पुढे ३ इंचांचा क्रोफूट, म्हणजे रेंचच्या टोकाला लावायचं उघड्या तोंडाचं पान, सरळ रेषेत जोडला. आता रेंच लावायचा २४० × १२ ÷ १५, म्हणजे १९२ वर. तो २४० वरच ठेवला तर नटवर प्रत्यक्षात ३०० बसतात. क्रोफूट काटकोनात लावला तर ही दुरुस्ती लागत नाही. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांत बारा पटींचा फरक आहे. कार्ड वाचताना आकड्यावर नाही, एककावर बोट ठेवा. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायचं की कोरडे ठेवायचे हे मॅन्युअल सांगतं आणि ते टॉर्कइतकंच महत्त्वाचं असतं, कारण कोरड्यासाठी दिलेला टॉर्क वंगण लावलेल्या आट्यांवर दिला तर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. लॉकवायर, म्हणजे नट-बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढणारी हवी, पीळ मॅन्युअल सांगेल तेवढे. कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी, जुनी सरळ करून पुन्हा घालायची नाही, कितीही बरी दिसली तरी.

आता पाळी बदलण्याबद्दल. माझ्या मते देखभालीतली सर्वांत धोक्याची पंधरा मिनिटं हीच.

नागपुरात याला भाषेची एक खास भर आहे. आपला माणूस म्हणतो, "पॅनल लावून राहिलो." म्हणजे लावतो आहे. पुण्या-मुंबईकडून आलेल्या सहकाऱ्याच्या कानाला त्यातला 'राहिलो' ऐकू येतो आणि त्याला वाटतं काहीतरी राहिलं. उलट "पॅनल लावायचं राहिलं" हे घाईत, कंप्रेसरच्या आवाजात, अर्धंच ऐकलं तर काय उरतं? "पॅनल लाव... राहिलं." चालू आहे की बाकी आहे? त्याहून वाईट शब्द म्हणजे 'झालं'. "लेफ्टचं झालं." काय झालं? काढून झालं, बसवून झालं, हाताने कसून झालं, टॉर्क देऊन झालं, की सही करून झालं? कार्ड इंग्रजीत, बोलणं मराठीत, निम्मी पाळी हिंदीत. म्हणून तोंडी सांगताना 'झालं' हा शब्द एकटा वापरायचा नाही. "डाव्या इंजिनाची फ्युएल नळी: दोन्ही नट हाताने लावलेत, टॉर्क दिलेला नाही, लॉकवायर नाही, लाल टॅग अडकवलाय." एवढं बोललं पाहिजे, तेच लिहिलं पाहिजे, आणि शक्य असेल तर दोघांनी जाऊन त्या जागेवर बोट ठेवलं पाहिजे.

सप्टेंबर १९९१ मध्ये टेक्सासमध्ये नेमकं इथेच चुकलं. कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेसच्या एम्ब्रायर १२० च्या शेपटीच्या आडव्या पंखांवरचे बर्फरोधक रबरी बूट बदलायचे होते. संध्याकाळच्या पाळीतल्या तपासनिसाने हातभार म्हणून डाव्या बाजूच्या पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू काढून ठेवले. रात्रपाळीचा तपासनीस लवकर आला, त्याने नोंदवही पाहिली, तेव्हा ती नोंद अजून व्हायची होती. रात्रभरात फक्त उजव्या बाजूचं काम झालं. डाव्या बाजूचे खालचे स्क्रू जागेवर होते, आणि ते शेपूट टी आकाराचं, उंचावर, त्यामुळे खाली उभ्या माणसाला वरचे स्क्रू नाहीत हे दिसणं अशक्य. सकाळचं पहिलं उड्डाण सुखरूप झालं. दुसऱ्या उड्डाणात उतरणीला लागल्यावर ती कड निघाली. १४ जण गेले. त्या तपासनिसाने काम चुकीचं केलं नव्हतं, जास्तीचं केलं होतं. कार्डावर नसलेली मदत करायची तर आधी कार्डावर आणायची, मग हात लावायचा. स्क्रू काढण्याआधी नोंद, काढल्यानंतर नाही. आणि काढलेले स्क्रू पिशवीत, पिशवीवर पॅनल नंबर आणि स्क्रूंची संख्या, पिशवी त्याच पॅनलजवळ बांधलेली. सकाळी भरलेली पिशवी लोंबकळताना दिसली की कुणीतरी विचारतंच.

रात्रपाळी आणि उन्हाळा हा आपल्याकडचा जोडप्रश्न आहे. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीर सगळ्यात मंद असतं, हे जगभर सारखंच. १७ तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते, हे १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. पण मे महिन्यात नागपुरात रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार कुठे? बाहेर ४५ अंश, घरात कूलर घरघरतोय, दुपारी वीज गेली की तोही बंद, आणि लग्नसराई चालू. नवतपात तर चार तासांची सलग झोप मिळाली तरी खूप. अशा माणसाला पहाटे चार वाजता आपण थकलोय हे कळत नाही, हाच थकव्याचा गुण आहे. त्याला वाटतं आपण नीट करतोय. म्हणून उपाय त्याच्या इच्छाशक्तीवर सोडायचा नसतो. कंट्रोल केबल, फ्युएल नळ्या, इंजिनाचे माउंट असली कामं पाळीच्या सुरुवातीला ठेवायची, पहाटेला साफसफाई, सीट, दिवे. हे नियोजन करणाऱ्याने करायचं असतं. त्याने केलं नसेल तर प्रशिक्षणार्थीने विचारायला लाजू नये.

उष्णतेचे थेट परिणामही आहेत. इंधन टाकीला लावायच्या बी-२ प्रकारच्या सीलंटचं काम करण्याचं आयुष्य २५ अंशांना दोन तास धरलेलं असतं. ४० च्या वर ते झपाट्याने कमी होतं. वरून मऊ दिसणारं सीलंट आतून पकड सोडून बसलेलं असतं. मिसळल्याची वेळ डब्यावर लिहा आणि लागेल तेवढंच मिसळा. टायरचा दाब दर ३ अंशांना साधारण एक टक्का बदलतो. नागपुरात दुपारी ४५ अंशांत २०० पीएसआय मोजलेला टायर युरोपात पहाटे १५ अंशांत उभा राहिला तर १८० च्या घरात येतो, आणि तिथला माणूस म्हणतो टायर गळतोय. नुकत्याच उतरलेल्या विमानाचा गरम टायर मोजून हवा कधीच काढायची नाही. उन्हात उभ्या विमानाच्या पॅनलला हात लावला की भाजतो, म्हणून माणूस स्क्रू पटापट लावतो आणि शेवटचे चार 'नंतर' ठेवतो. ते नंतर कधी येत नाही. ही कामं पहाटे किंवा सावलीत घ्यायला लावणं म्हणजे लाड नव्हे.

'नंतर येऊन करतो' याचं सर्वांत बोलकं उदाहरण लंडनचं आहे. मे २०१३ मध्ये हीथ्रोवर रात्री दोन तंत्रज्ञांनी ए३१९ च्या इंजिनांची काउल, म्हणजे बाहेरची झाकणं, उघडली, जनरेटरमध्ये तेल घालायचं साधन बरोबर नव्हतं, म्हणून काउलच्या लॅच, म्हणजे कड्या, न लावता ठेवून साधन आणायला गेले. मध्ये दुसरी कामं आली. परतले ते तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या विमानाकडे. तिथे काउल बंद. कुणीतरी लावली असतील असं समजून काम संपलं. सकाळी मूळ विमान उड्डाण करताना दोन्ही इंजिनांची काउल उडून गेली, इंधनाची नळी फुटली, उजव्या इंजिनाला आग लागली. ८० जण सुखरूप परत आले. ए३२० कुळात ही लॅच इंजिनाच्या पोटाखाली, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर असतात. उभ्याने दिसत नाहीत, वैमानिकाच्या फेरीतही सहज निसटतात. म्हणून वाकून नाही, गुडघा टेकून, टॉर्च मारून बघायचं. पुढे एअरबसने चावी आणि लाल पट्टीची लॅच आणली. काउल उघडायला चावी लागते आणि लॅच पूर्ण बसल्याशिवाय ती बाहेर येत नाही. असा उपाय शंभर पोस्टरांपेक्षा बरा, कारण तो थकलेल्या माणसालाही लागू पडतो. आणि विमानाजवळ पोहोचलात की आधी नाकाच्या चाकाच्या दारावरची नोंदणीची अक्षरं कार्डाशी ताडा. दर वेळी. चहाहून परतल्यावरसुद्धा.

मध्येच फोन आला, कुणी हाक मारली, जेवणाची वेळ झाली, तर परतल्यावर सोडलं तिथून पुढे जायचं नाही. तीन पायऱ्या मागे जाऊन तपासत पुढे यायचं.

दुहेरी तपासणीबद्दल एकच सांगतो, कारण तिचं नाटक फार लवकर होतं. दुसरा तपासणारा पहिल्याला विचारतो, "हलतंय ना?" पहिला म्हणतो, "हलतंय." सही. मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या ए३२० च्या कॅप्टनच्या साइडस्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांडीच्या, तारा कनेक्टर बदलताना उलट जोडल्या गेल्या. स्टिक डावीकडे दिली की विमान उजवीकडे झुके. उड्डाणाआधीच्या तपासणीत पडद्यावर हालचाल दिसली, दिशा कुणी पाहिली नाही. उड्डाणानंतर लगेच विमान कललं, पंखाचं टोक जमिनीला लागता लागता राहिलं. सहवैमानिकाची स्टिक बरोबर होती, त्याने विमान वाचवलं. म्हणून तपासायच्या गोष्टी तीन: पूर्ण टोकापर्यंत हालचाल, दिशा, आणि लॉकिंग. एकाने कॉकपिटमध्ये बसून "डावीकडे देतोय" म्हणायचं, दुसऱ्याने पंखापाशी उभं राहून "डावं एलेरॉन वर" असं, पंखाच्या मागच्या कडेच्या त्या हलत्या भागाचं जे दिसतं ते सांगायचं. 'ओके' सांगायचं नाही. आणि तपासणाऱ्याने ते काम स्वतः केलेलं नसावं.

हत्यारं आणि झाकणं. २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूचं ७५७ लिमाजवळ समुद्रात पडलं, ७० जण गेले. धुण्यासाठी स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे उंची आणि वेग मोजायला लागणाऱ्या हवेच्या छिद्रांवर, लावलेली चंदेरी चिकटपट्टी काढायची राहिली होती. चंदेरी विमानावर चंदेरी पट्टी, रात्रीचं उड्डाण. झाकायचं ते भडक रंगाच्या, लोंबत्या पट्टीच्या ठरलेल्या कव्हरनेच, आणि किती लावली ते कार्डावर. हत्यारांचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये क्वांटासच्या ए३८० च्या इंजिनात सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं फिरवायचं साधन राहिलं आणि ३४ उड्डाणं, जवळपास २९४ तास ते आतच होतं. हत्यार परत आलं नाही हे कळूनही विमान सोडलं गेलं होतं. आपल्या टूलबॉक्समध्ये फोममध्ये कापलेला प्रत्येक खळगा यासाठीच आहे. एक खळगा रिकामा असेल तर विमान जात नाही, मग ते दहा मिलिमीटरचं सॉकेट का असेना. स्वतःच्या घरचं हत्यार हँगरवर आणू नका. ते कुठल्याच यादीत नसतं, त्यामुळे हरवलं तरी कुणाला कळत नाही.

राहता राहिली सहीची गोष्ट. सीआरएसवर, म्हणजे विमान उडायला सोडण्याच्या दाखल्यावर, सही परवानाधारकाची असते, तुमची नाही. पण टास्क कार्डाच्या पायरीवरची सही तुमची असू शकते, आणि ती फक्त तुमच्या हाताने झालेल्या किंवा डोळ्यांनी पाहिलेल्या कामाचीच असावी. शेवटी बसून पानभर सह्या एकदम मारण्याची सवय प्रत्येक हँगरवर कुणा ना कुणाला असते. ती लावून घेऊ नका. ईस्टर्नच्या ओ-रिंगपुढची सही अशीच असते. कुणी ज्येष्ठ म्हणाला "कर न बे, मी पाह्यलं ना", तर सरळ सांगायचं, "दादा, तुम्ही पाह्यलं तर सही तुमची." पहिल्यांदा तोंड वाकडं होतं, पुढे कुणी म्हणत नाही.

आणि शेवटचं, जे कुठल्याच कार्डावर छापलेलं नसतं. पाळी संपली, मेट्रोने घरी आलात, आंघोळ झाली, आणि सकाळी नऊ वाजता अंथरुणावर पाठ टेकताना मनात आलं: त्या तिसऱ्या नटाला मी टॉर्क दिला का? तेव्हा 'दिला असेल' म्हणून झोपायचं नाही. पाळीच्या प्रमुखाचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा. फोन करून चार गोष्टी सांगा: विमानाची अक्षरं, कार्ड नंबर, नेमकी जागा, आणि शंका काय आहे. विमान जमिनीवर असेल तर शिडी लावून दहा मिनिटांत बघता येतं. उडालं असेल तरी सांगा. ते जिथे उतरेल तिथे टॉर्क रेंच घेऊन माणूस उभा करता येतो.